लॅपटॉपमधली हाक

जरा डोळे मिटा आणि एक घर डोळ्यांसमोर आणा. तुम्ही आतल्या खोलीत खेळताय आणि बाहेरच्या खोलीतून बाबा तुम्हाला हाक मारतात. ते दिसत नाहीत, पण नुसत्या हाकेवरून सगळं कळतं की नाही? साधी हाक असली तर जेवायला चला. चढ्या आवाजातली असली तर आपलं काहीतरी बिंग फुटलंय. आणि काही काम नसताना मारलेली, लाडाची हाक असली तर ऐकू येऊनही आपण जरा वेळ ओ देत नाही.

आता असं समजा, की ती हाक बाबांच्या घशात नाहीच. ती एका जुन्या लॅपटॉपमध्ये आहे. तो लॅपटॉप तुमच्या पुढ्यात उघडा आहे आणि त्यातलं सगळं तुमच्या हातून पुसलं गेलंय.

घाबरलात ना? फिरकीही तश्शीच घाबरली होती.

फिरकी पाचवीतली. एका जागी बसणं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून आत्याने हे नाव पाडलं होतं. तिचे बाबा एका शाळेत मोठ्या मुलांना सुतारकाम शिकवायचे. वर्षापूर्वी त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं आणि त्यात आवाज कायमचा गेला. जाणार हे आधीच माहीत होतं, म्हणून दवाखान्यातल्या वाचा शिकवणाऱ्या बाईंनी ऑपरेशनच्या आधी रोज थोडी थोडी त्यांची वाक्यं रेकॉर्ड करून घेतली होती. ‘रंधा सरळ धर.’ ‘लाकूड काय म्हणतंय ते ऐक.’ ‘चहा झाला का?’ आणि घरच्यांच्या हाका. फिरकीच्या नावाची हाक तर तीन तऱ्हांची होती. एक साधी, एक रागावलेली आणि एक लाडाची. बाबा लॅपटॉपच्या पडद्यावरचं एकेक चौकोनी बटण दाबायचे आणि आतून त्यांचाच आवाज यायचा. त्या प्रोग्रॅमला घरात सगळे ‘बोलपेटी’ म्हणत.

पण लॅपटॉप म्हातारा झाला होता. त्यावर आत्याने फार वर्षांपूर्वी लिनक्स घातलं होतं. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी व्यवस्था. ती एकच नसते, तिचे कितीतरी अवतार असतात आणि प्रत्येकाचं रूप आणि रीतभात वेगळी. बाबांच्या लॅपटॉपवरचा अवतार आता इतका मंद झाला होता, की बटण दाबलं, की आवाज येईपर्यंत समोरच्याचं पुढचं बोलून व्हायचं. घरात सगळे बाबांची वाक्यं आपणच पुरी करायला लागले होते.

“चहा हवाय ना? ठेवते,” असं आई म्हणायची, चहा घेऊन यायची आणि मग लॅपटॉप म्हणायचा, “चष्मा दिसला का?”

घरात हसण्यावारी जायचं. वर्गात नाही गेलं. मागच्या आठवड्यात एका मुलाचं बोट करवतीच्या पात्याजवळ सरकलं. बाबांनी ‘बोटं मागे!’चं बटण दाबलं. पेटी गप्प. शेवटी त्यांनी टेबलावर हातोडा आपटला, मुलगा दचकून मागे झाला, आणि मग सगळं शांत झाल्यावर पेटी ओरडली, “बोटं मागे!” वर्ग खो खो हसला. बाबाही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते.

मुख्याध्यापिका हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “सर, तुमच्यासारखं कुणी शिकवत नाही, पण मुलांच्या हातात धारदार हत्यारं असतात. सोमवारी पहिल्या तासाला मी मागे बसते. आवाज वेळेवर आला तर वर्ग तुमचा. नाही आला, तर तुम्हाला लाकडाचं कोठार सांभाळायला द्यावं लागेल.”

कोठारात बोलायला कुणीच नसतं. फळ्या तेवढ्या असतात.

आत्या शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. एका वाचनालयातले कॉम्प्युटर सांभाळणं हे तिचं काम. मागच्या खेपेला ती एक काळा पेन ड्राइव्ह ठेवून गेली होती. “यात नवं लिनक्स आहे. मी येऊन घालीन. तोवर फिरकीबाईंनी बोट लावायचं नाही,” असं तिने बजावलं होतं. पण वाचनालय नव्या इमारतीत हलवायचं निघालं आणि तिला रविवारचीही सुट्टी मिळेना. “सोमवारी दुपारी येते,” असा तिचा निरोप आला.

सोमवारी दुपारी! म्हणजे तास होऊन गेल्यावर.

फिरकीने त्या काळ्या पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सचं चित्र आत्याच्या फोनवर पाहिलं होतं. राखाडी पडदा, राखाडी पट्टी, दवाखान्याच्या भिंतीसारखं. तिने नाक मुरडलं होतं. तिच्या मैत्रिणीच्या ताईकडे मात्र एक भारी लिनक्स होतं. खिडक्या काचेसारख्या, मागे निळे डोंगर आणि उघडताना मंजूळ घंटा. वर ताई म्हणाली होती, “जुन्या मशीनवर पळतं अगदी.” फिरकीने एका लाल पेन ड्राइव्हवर ते मागून आणलं. लिनक्स ते लिनक्स, तिला वाटलं, मग चांगलं दिसणारं का घेऊ नये? बाबांना आयतं, पळणारं, सुंदर करून द्यायचं. ते थक्क होतील.

रविवारी दुपारी आई-बाबा बाजारात गेले. बाबांनी गळ्यात पाटी अडकवली. लॅपटॉप घरी असला की ते पाटीवर लिहून बोलत. दार लागलं आणि फिरकीने लाल पेन ड्राइव्ह खुपसला, ताईने सांगितलं होतं तसं लॅपटॉप बंद करून चालू केला, आलेल्या यादीतली पहिली ओळ न वाचताच निवडली.

घंटा वाजली. निळे डोंगर आले. काय वेग! बाण नुसता हलवला तरी खिडक्या उघडत होत्या.

“इतक्यात झालंसुद्धा!” फिरकी टाळी वाजवून म्हणाली आणि बोलपेटीचं चित्र शोधायला लागली.

ते नव्हतं.

बाबांच्या फोल्डरांच्या जागी कोरी पानं. ‘आवाज’ नावाचा फोल्डर नव्हता. धड्यांचे आराखडे नव्हते, फोटो नव्हते. तिने शोधायच्या चौकटीत ‘बोलपेटी’ लिहिलं. काही सापडलं नाही. पुन्हा लिहिलं. तिला वाटलं आपण चुकीचं लिहितोय, म्हणून एकेक अक्षर बोलत लिहिलं. काही सापडलं नाही.

  ताई मागे एकदा म्हणाली होती ते तिला आत्ता आठवलं: “नवं घातलं की जुनं पुसतं हं.” फिरकीने तेव्हा मान डोलावली होती. जुनं म्हणजे जुनं लिनक्स, असं तिने धरलं होतं. जुन्यात बाबा आहेत हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

डोंगर छान निळे होते. तिला ते बघवेनात.

तिने मनातल्या मनात बाबांची हाक आठवून पाहिली. साधी आठवली. रागावलेली आठवली. लाडाची आठवायला गेली तर त्यात आईचाच आवाज मिसळला.  इथूनही पुसली गेली की काय?

लॅपटॉप बंद करावा? पण बंद केला आणि उरलंसुरलंही गेलं तर? ती खुर्चीवर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसली, चुकून काही दाबलं जाऊ नये म्हणून. फिरकी अशी हलल्याशिवाय बसलेली तुम्ही पाहिली असती तर ओळखलीच नसती. जिन्यात पावलं वाजली की ती श्वास रोखायची. पावलं वर निघून जायची.

शेवटी एक हात सोडवून तिने घरातला फोन उचलला.

“हं, बोल गं,” आत्या कुजबुजली. मागे कपाटं सरकवल्याचा आवाज येत होता. “इथे मोठ्याने बोललं की सगळे वळून बघतात.”

“आत्या, मी बाबांना पुसलं.”

“काय केलंस?”

मग फिरकीचा बांध फुटला. लाल पेन ड्राइव्ह, ताई, डोंगर, घंटा, सगळं एका दमात, हुंदक्यांसकट. आत्या मधे एकदाही बोलली नाही. ती बोलत नाहीये याचीच फिरकीला जास्त भीती वाटली.

“आधी नाक पूस,” आत्या शेवटी म्हणाली. कपाटांचा आवाज थांबला होता. ती बहुधा बाहेर आली होती, कारण आता तिचा नेहमीचा आवाज होता, फक्त थोडा कापरा. “काही बंद करू नकोस. काही दाबू नकोस. मी विचारते तेवढंच सांग. त्या डोंगरांवर काही चित्रं आहेत?”

“दोन.”

“खाली काय लिहिलंय?”

“एकाखाली ‘घर’. आणि दुसऱ्याखाली...” फिरकी थबकली. “‘इन्स्टॉल करा’.”

आत्याने इतका मोठा श्वास सोडला, की फोनमध्ये वारा सुटल्यासारखं वाटलं. “गधडे, जीव घेतलास माझा! अगं, इन्स्टॉल म्हणजे घालणं. ते ‘घालू का’ विचारतंय, म्हणजे अजून घातलेलं नाही. ते सगळं त्या पेन ड्राइव्हवरून चाललंय. तू नव्या घरात राहायला आली नाहीयेस, उंबऱ्यावर उभी राहून आत डोकावतेयस. जुनं घर जिथल्या तिथे आहे.”

“मग बाबांचा फोल्डर का नाही दिसत?”

“दुसऱ्याच्या घरात तुझं दप्तर कसं दिसेल? डाव्या बाजूला डिस्कचं चित्र असेल. टिचकी मार. भिऊ नकोस, बघितल्याने काही पुसत नाही.”

फिरकीने टिचकी मारली. फोल्डरांची रांग आली. एकात दुसरा, दुसऱ्यात बाबांच्या नावाचा, आणि त्यात ‘आवाज’. एकेका वाक्याची एकेक फाइल, सगळी पलटण. तिला रडूच आलं, पण हे रडू निराळं होतं.

“आहे,” ती म्हणाली. “आत्या, आहे.”

“असू दे. आता खरी परीक्षा. तुझं ते भारी लिनक्स बाबांच्या कामाचं आहे का, ते विचारायचं.”

“कुणाला?”

“बोलपेटीला. राहणारी ती आहे ना? त्याच फोल्डरात बोलपेटी बसवायची फाइल असेल. तिच्या नावाचं शेपूट वाच.”

“डी, ई, बी. डेब.”

“म्हणजे ती लिनक्सच्या डेबियन नावाच्या घराण्यातली. उघडून बघ तिथे.”

फिरकीने फाइल उघडायचा प्रयत्न केला. काचेसारखी एक सुंदर चौकट आली. ‘या फाइलचं काय करायचं ते समजत नाही.’

“बघितलंस?” आत्या म्हणाली. “ते लिनक्स वाईट नाही हं. कुणाच्या तरी ते अगदी उपयोगाचं असेल. पण ते दुसऱ्या घराण्याचं. ही फाइल त्याच्या हाती देऊन भागत नाही. तू ‘इन्स्टॉल’ दाबलं असतंस ना, तर डोंगर आले असते आणि बाबा मुके झाले असते.”

ते चित्र अजून तिथेच होतं, बाणापासून दोन बोटांवर. फिरकीने बाण हळूच दुसऱ्या कोपऱ्यात नेऊन ठेवला.

“आता माझा काळा लाव. तुला न आवडलेला.”

“मी कुठे म्हटलं न आवडलेला?”

“तोंड दिसतं मला तुझं, फोनवरूनसुद्धा.”

लॅपटॉप रीतसर बंद करून काळा पेन ड्राइव्ह लावला. या वेळी फिरकीने यादीतली ओळ न् ओळ मोठ्याने वाचली आणि ‘न बसवता वापरून पाहा’ ही निवडली. राखाडी पडदा आला. घंटा नाही, काही नाही. तिने डिस्क उघडली, ‘आवाज’ उघडला, डेबच्या फाइलवर टिचकी मारली. ‘बसवू का?’ चौकटीने विचारलं. फिरकीने हो म्हटलं. पट्टी सरकली आणि मध्येच थांबली. ‘एक भाग सापडत नाही.’

फिरकीचं तोंड उतरलं. “आत्या, हेही नाही म्हणतंय!”

“नाही म्हणत नाहीये, कमी काय आहे ते सांगतंय. बोलपेटी जुनी आहे. घराणं एक असलं तरी तिला लागणारी जुनी वस्तू नव्या घरात मांडलेली नसते. म्हणून तर आधी बघायचं. इंटरनेट जोडलंस?”

नव्हतं जोडलं. जोडल्यावर लिनक्सने तो भाग स्वतःच आणला, पट्टी शेवटपर्यंत गेली आणि राखाडी पडद्यावर ओळखीचे चौकोन उमटले. फिरकीने बोट पुढे केलं आणि तेवढ्यात दारात किल्ली फिरली.

“फोन ठेवते,” आत्या पटकन म्हणाली. “ऐक. वापरून बघणं वेगळं आणि घालणं वेगळं. घालताना खरंच पुसणार आहे. ते बटण बाबा आल्याशिवाय दाबायचं नाही. आणि आधी सगळं सांगायचं. ते मी नाही सांगणार.”

आई-बाबा पिशव्या घेऊन आत आले. बाबांनी लाल पेन ड्राइव्ह पाहिला, राखाडी पडदा पाहिला, फिरकीचे डोळे पाहिले. आणि ते धावतच लॅपटॉपपाशी आले. त्यांना असं धावताना फिरकीने ऑपरेशननंतर प्रथमच पाहिलं. त्यांच्या एका पायातली चप्पल काढायचीही राहून गेली होती.

“आहे, बाबा, आवाज आहे,” ती घाईने म्हणाली, “पण मला वाटलं नाही म्हणून, म्हणजे मी...” आणि तिने सगळं सांगितलं. आत्याला सांगितलं त्यापेक्षा हे अवघड होतं. आत्या दिसत नव्हती. बाबांचा चेहरा समोर होता.

बाबांनी पाटी घेतली. खडू कर्र वाजला.

‘मला का नाही विचारलंस?’

“तुम्हाला थक्क करायचं होतं.”

बाबा पाटीकडे बघत राहिले. मग पुसून लिहिलं, ‘झालो.’

आईला हसू आवरेना, पण ती तोंड फिरवून भाजी काढायला लागली. फिरकीला हसावं की रडावं कळेना. बाबांनी खुर्ची ओढली आणि समोरचा एक चौकोन दाबला.

“बोटं मागे!”

इतक्या पटकन आला आवाज, की आईने भाजीच्या पिशवीतला हात झटकन बाहेर काढला. “अगं बाई! मी काय केलं?”

बाबांनी पुन्हा दाबलं. “बोटं मागे!” बोट उठायच्या आत. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. “पुरे,” आई म्हणाली, “शेजारचे बोटं मागे घेऊन बसले असतील.” बाबांचे खांदे हलत होते. ते हसत होते की काय, हे पाठमोरं कळत नव्हतं.

पण अजून काहीच झालेलं नव्हतं. हे सगळं अजून उंबऱ्यावरचं होतं. सोमवारी वर्गात न्यायचं तर ते खरोखर घालायला हवं, आणि घालायचं म्हणजे पुसायचं.

बाबांनी लिहिलं, ‘आधी प्रत.’

‘आवाज’ फोल्डर धडे-फोटोंसकट आईच्या फोनवर घेतला, आणि फिरकीच्या हट्टाने घरातल्या आणखी एका पेन ड्राइव्हवर. नुसता घेऊन भागवलं नाही. फिरकीने फोन कानाला लावून वाक्यं ऐकून पाहिली. रंधा सरळ धर. लाकूड काय म्हणतंय ते ऐक. आपल्या हाकांच्या फाइली मात्र तिने उघडल्या नाहीत. त्या तशाच पुढे सरकवल्या.

मग इन्स्टॉल. बाबांनी पाटीवर लिहिलं, ‘तू वाच. मी दाबतो.’

फिरकी वाचत गेली. भाषा. हो. जागा. हो. मग ती ओळ आली. “‘या डिस्कवरचं सर्व काही पुसलं जाईल. पुढे जायचं?’” तिचा आवाज चिरकला. प्रती दोन ठिकाणी आहेत हे तिला माहीत होतं. तरी तिने बाबांचं मनगट धरलं. “बाबा, एकदा परत ऐकूया?”

बाबांनी मनगट सोडवलं नाही. फोन तिच्याकडे सरकवला. तिने परत एकदा ऐकलं. मग मान डोलावली आणि बाबांनी बटण दाबलं.

पट्टी रांगायला लागली.  एका जागी पट्टी अडली, तेव्हा आईने फिरकीचा खांदा इतका घट्ट धरला, की फिरकीला कळलं, भीती काही आपल्या एकटीला वाटत नाहीये. पट्टी पुढे सरकली. ‘पेन ड्राइव्ह काढा.’ काढला. पडदा काळा झाला. काळाच राहिला. फिरकीला काचेत स्वतःचा चेहरा दिसला आणि मागे बाबांचा, ओठ घट्ट मिटलेला.

मग राखाडी उजाडलं. फिरकीला तो रंग बघून एकदम हायसं वाटलं.

बोलपेटी बसवली. अडलेला भाग आणवला. प्रतीमधला ‘आवाज’ त्यात ठेवला. चौकोन उमटले, एकेक करत सगळे. बाबांनी बोट वर केलं आणि तिच्या नावाच्या चौकोनावर आणलं.

“थांबा!” फिरकी ओरडली. “इथे नको!”

आई-बाबा बघतच राहिले. ती उठली, पळत आतल्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसली.  बाहेर खुर्ची करकरली.

“फिरकी,” बाबांनी हाक मारली. साधी होती ती. जेवायला चल म्हणतात तशी.

तिने ओ दिली नाही.

“फिरकी!” ही रागावलेली. आई बाहेर म्हणाली, “अहो, ऐकू येतंय तिला, मुद्दाम करतेय.”

फिरकीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि तशीच गप्प बसून राहिली. कारण अजून एक यायची होती.